आधी कॅसेटी, मग पेटी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: नेरुळमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकारी बाईंनी लिहिले आहे. घरी त्या आणि त्यांचे यजमान असे दोघेच असतात. मुलगा पुण्यात नोकरी करतो, नणंद ठाण्याला नौपाड्यात राहते. यजमानांनी अनेक वर्षांत जमवलेल्या सुमारे २२० कॅसेटी, १८० सीडी, मुलाच्या लहानपणीच्या चित्रीकरणाच्या २० मिनी-डीव्ही टेपा आणि तीन पोर्टेबल हार्ड डिस्कवर विखुरलेले तीनशेच्या आसपास चित्रपट असा साठा घरात आहे. कॅसेटींत नाट्यसंगीत आणि शास्त्रीय गायन आहे, तशीच गणेशोत्सवातल्या आणि घरगुती बैठकींची ध्वनिमुद्रणेही आहेत. हे सगळे एका जागी ठेवून हॉलमधल्या टीव्हीवर आणि फोनवर पाहता-ऐकता यावे, अशी बाईंची इच्छा आहे. मुलगा म्हणतो, चार डिस्कचा नॅस (घरातल्या नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी) घेऊ, लाखभर रुपये लागतील, दिवाळीत येईन तेव्हा मीच बसवून देईन, तोवर कशाला हात लावू नका. यजमान म्हणतात, करायचेच असेल तर कपाटातला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप वापरा; माझा डेक चालू आहे, मला दुसरे काही नको. बाई विचारतात: “कोणाचे ऐकू? चार डिस्क असल्या की सगळे सुरक्षित राहील ना? ओटीटीच्या वर्गण्या बंद करून खर्च भरून निघेल असा माझा हिशेब आहे. सोसायटीतल्या मैत्रिणीही ‘आम्हालाही जोडून दे’ म्हणतात. आणि खरे सांगायचे तर हे तांत्रिक काम मला झेपेल असे वाटत नाही.”

सप्रेम नमस्कार.

कोणते यंत्र घ्यावे, असा तुमचा प्रश्न आहे आणि घरातले दोन्ही सल्लागारही यंत्राबद्दलच बोलत आहेत. मी मात्र पत्र वाचताना त्या २२० कॅसेटींपाशी आणि २० टेपांपाशी थांबले. यंत्र या महिन्यात घेतले काय आणि दिवाळीनंतर घेतले काय, फार बिघडत नाही. ते बाजारात मिळतच राहील. टेपा मात्र खाडीकाठच्या दमट हवेत वर्षानुवर्षे पडून आहेत आणि प्रत्येक पावसाळा त्यांच्यावर काही ना काही परिणाम करून जातो. म्हणून मी आधी साठ्यात काय आहे ते पाहते, मग त्याला जागा किती लागेल ते, आणि तो कशावर ठेवायचा हे त्यानंतर.

साठ्यातल्या सगळ्या वस्तूंना तुम्ही एकच मोल दिले आहे, ते थोडे तपासून पाहू या. तीनशे चित्रपटांपैकी बहुतेक पुन्हा मिळतील. बाजारातून घेतलेल्या सीडी आणि कंपन्यांनी काढलेल्या कॅसेटींवरचे पुष्कळसे संगीत आज स्ट्रीमिंग सेवांवर ऐकायला मिळते. पण तुमच्या ओळखीच्या कुणाच्या दिवाणखान्यात झालेली बैठक, गणेशोत्सवाच्या मांडवात कुणीतरी डेक लावून घेतलेले गाणे आणि मुलगा दुडदुडत असतानाची चित्रफीत यांची दुसरी प्रत कुठेही नसण्याचीच शक्यता अधिक आहे. चित्रपट सर्वांत जास्त जागा घेणार आहेत, पण काळजी त्यांची सर्वांत कमी करायला हवी. मुलाच्या योजनेत सुरुवात चित्रपटांपासून होते, कारण त्या फाइल तयार आहेत आणि टीव्हीवर लगेच दिसतील. मी हा क्रम उलटा करीन.

मिनी-डीव्ही टेपा सर्वांत आधी घ्या. टेप चांगली असली तरी ती वाजवणारा कॅमेरा बंद पडला की वाट अडते, आणि असे कॅमेरे आता नव्याने तयार होत नाहीत. या टेपांतले चित्रण फायरवायर नावाच्या जोडणीतून जसेच्या तसे संगणकात उतरते. तुमच्या लॅपटॉपला ती खाच बहुधा नसेल. लग्नाचे व्हिडिओ करणारे जुने स्टुडिओ हे काम करून देतात. मात्र देताना एक गोष्ट स्पष्ट सांगा, की डीव्हीडी करून नको, टेपेवरची मूळ डीव्ही फाइल हार्ड डिस्कवर हवी. डीव्हीडी करताना चित्र पुन्हा दाबले जाते आणि गेलेला तपशील परत मिळत नाही. मूळ फाइल तासाला सुमारे १३ जीबी जागा घेते, ती घेऊ द्या. शक्य असेल तर टेपा एकदम न देता पाच-पाच करून द्या आणि परत आलेली प्रत घरी उघडून पाहिल्याशिवाय पुढच्या देऊ नका.

कॅसेटींचे काम घरीच करता येते, आणि यजमानांचा डेक चालू आहे हे त्यासाठी तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. त्यांनी ते नकार म्हणून सांगितले असेल, पण चालू डेक आणि तो चालवणारा जाणता माणूस या दोनच गोष्टी पैसे देऊनही सहज मिळत नाहीत. डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून एका छोट्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमार्फत (डेकचा आवाज संगणकाला समजेल असा करणाऱ्या डबीमार्फत) आवाज लॅपटॉपमध्ये घ्या आणि ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रामने मुद्रित करा. लॅपटॉपच्या माइकच्या खाचेत थेट वायर घालू नका, तिथे आवाज फाटतो. मुद्रण २४ बिटवर करा आणि सर्वांत मोठा आवाजसुद्धा लाल रेषेच्या बराच खाली राहील अशी पातळी ठेवा. सुरू करण्यापूर्वी डेकचे हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा, आणि बरीच वर्षे न वाजलेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. मूळ मुद्रण डॉल्बी (डेकवरची खरखर कमी करण्याची सोय) लावून केलेले असेल तर वाजवतानाही डॉल्बी लावा. कॅसेटीच्या खिडकीतून पांढुरकी बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालू नका. हेडवरून ती पुढच्या कॅसेटींवर पसरते. अशा कॅसेटी वेगळ्या डब्यात ठेवून जाणकाराकडे द्या. आणि खरखर कमी करण्याचा मोह मूळ फाइलवर आवरा. मूळ मुद्रण फ्लॅक स्वरूपात (यात फाइल लहान होते, पण आवाजातले काही गळत नाही) जसेच्या तसे जपून ठेवा. साफसफाई करायची ती त्याच्या प्रतीवर करा, कारण उद्या त्यासाठी अधिक चांगली साधने मिळतील.

कॅसेट जितकी वाजते तितकाच वेळ उतरायला लागतो, त्यात घाई करता येत नाही. सगळ्या २२० एकदम डोळ्यांसमोर आणल्या तर कुणाचाही धीर सुटेल. यजमानांना घेऊन बसा आणि कंपनीच्या एका बाजूला, घरी किंवा कार्यक्रमात मुद्रित केलेल्या दुसऱ्या बाजूला असे दोन ढीग करा. दुसऱ्या ढिगात समजा साठ निघाल्या, तर रोज एक या गतीने दोन महिन्यांत दिवाळीच्या आधी काम होते. पहिल्या ढिगातल्या ज्या कुठेच ऐकायला मिळत नाहीत, त्या नंतर सवडीने करा. बाकीच्या राहिल्या तरी चालतील. उतरवून झाल्या म्हणून मूळ कॅसेटी टाकून मात्र देऊ नका. उभ्या, कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. सीडींमध्ये घरी कोरलेल्या सीडी आधी घ्या, कारण त्या कारखान्यात छापलेल्या सीडींपेक्षा लवकर खराब होतात.

आता जागेचा हिशेब. सीडीवरचे संगीत फ्लॅकमध्ये साधारण ३०० ते ४०० एमबी होते. १८० सीडी म्हणजे सत्तर जीबीच्या आत-बाहेर. कॅसेटी २४ बिटमध्ये ठेवल्या तर सीडीपेक्षा जास्त जागा घेतील, तरी सगळ्या मिळून दोनशे जीबीच्या फार पुढे जाणार नाहीत. मिनी-डीव्ही टेपा तासाभराच्या धरल्या तर २६० जीबी. चित्रपट सरासरी २ ते ४ जीबीचे असतील तर तीनशे चित्रपटांना ६०० ते १,२०० जीबी. एकूण बेरीज दोन टीबीच्या आत बसते. एकच ४ टीबीची डिस्क तुमचा आजचा साठा ठेवून निम्मी रिकामी राहील. मुलाने चार डिस्कचा विचार केला तो त्याच्या डोळ्यांसमोरच्या फोर-के चित्रपटांसाठी असावा; तसा एक चित्रपट पन्नास-साठ जीबीचा असू शकतो. तुमच्या पत्रात तसा एकही उल्लेख नाही. हे यंत्र तुमच्या घरासाठी आहे की त्याच्या, हे त्याला प्रेमाने विचारायला हरकत नाही.

चार डिस्क असल्या की सगळे सुरक्षित राहते, ही समजूत फार घरांत आढळते. चार डिस्कच्या नॅसमध्ये साधारणपणे अशी रचना करतात, की एक डिस्क बंद पडली तरी माहिती वाचते आणि नवी डिस्क घालून काम पुढे चालू राहते. ही सोय चांगली आहे, पण ती डिस्क बंद पडण्यापुरतीच आहे. कुणाकडून चुकून फोल्डर पुसले गेले तर ते सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी पुसले जाते. विजेचा दाब वाढून पेटीच जळाली, चोरी झाली, घरात पाणी शिरले किंवा खंडणी मागणाऱ्या व्हायरसने फाइलींना कुलूप लावले, तर चारही डिस्क एकत्रच जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी तळमजल्यांत पाणी शिरले होते. तशा दिवशी एकाच घरातल्या दोन प्रतीही पुरत नाहीत. तुम्ही बँकेत काम केले आहे. दिवसअखेरीचा बॅकअप शाखेतल्या त्याच टेबलाच्या खणात ठेवून भागत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. घरच्या साठ्यालाही तीच शिस्त लागते: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर.

घराबाहेरची जागा तुमच्या पत्रातच आहे. नौपाड्यातल्या नणंदेच्या कपाटात एक पोर्टेबल डिस्क ठेवा आणि तशीच दुसरी तुमच्या घरी. दोन-तीन महिन्यांनी ठाण्याला जाल तेव्हा घरची ताजी प्रत सोबत न्या आणि तिथली परत आणा. नेरुळहून ठाण्याला थेट लोकल आहेच. डिस्क बंद करून, मऊ कापडात गुंडाळून पिशवीत ठेवली की प्रवासाने तिला काही होत नाही. डिस्कवर तारीख लिहिलेला कागद चिकटवा. आणि बदलताना दरवेळी पाच-सहा फाइल कुठूनही निवडून खरोखर उघडून पाहा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवून पाहा. कधीही न उघडलेली प्रत ही प्रत आहे की नाही, हे गरज पडते त्या दिवशीच कळते. बैठकींची ध्वनिमुद्रणे आणि मुलाच्या टेपा यांची एक प्रत क्लाउडवर ठेवायची असेल तर अवश्य ठेवा, पण चित्रपटांसाठी क्लाउडचे भाडे भरू नका.

यजमानांनी सुचवलेला लॅपटॉप मला सुरुवातीसाठी मनापासून पटतो. दहा वर्षांपूर्वीचा असला तरी फाइल वाचून टीव्हीला पोहोचवण्याचे काम त्याला जड नाही. चार जीबीचा दोन तासांचा चित्रपट चालवायला सेकंदाला पाच मेगाबिटसुद्धा लागत नाहीत, आणि सीडीच्या दर्जाच्या फ्लॅक फाइलला एक मेगाबिटच्या आसपास लागतो. साधे वाय-फायही हे ओझे सहज पेलते. लॅपटॉप मात्र राउटरला लॅन केबलने जोडा, म्हणजे माहितीचा वाय-फायवरचा प्रवास एकदाच होईल. टीव्ही वाय-फायच्या पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडा. राउटर आणि टीव्ही यांच्यामध्ये दोन काँक्रीटच्या भिंती येत असतील तर टीव्हीलाही केबल ओढून घ्या. घरातल्या घरात होणाऱ्या या वाहतुकीत इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही, आणि नेट बंद असले तरी गाणी चालू राहतात.

या लॅपटॉपवर बहुधा विंडोज १० असेल. तिचे नियमित सुरक्षा-पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले आहे, म्हणून कायम चालू राहणाऱ्या यंत्रासाठी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घालून घेणे बरे. त्यावर जेलीफिन हा, साठ्यातल्या फाइली टीव्हीवर आणि फोनवर दाखवणारा प्रोग्राम बसवा. तो मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, २०१८ पासून स्वयंसेवक तो सांभाळत आहेत आणि तो वापरायला बाहेरच्या कुणाकडे खाते उघडावे लागत नाही. अँड्रॉइड टीव्हीवर त्याचे अ‍ॅप मिळते. तुमच्या टीव्हीच्या अ‍ॅप-दुकानात ते नसेल तर टीव्हीच्या मागे लावायची एखादी छोटी स्टिक पुरते. आधी दहाच चित्रपट घालून पाहा. टीव्हीला फाइलचे स्वरूप वाचता येत असेल तर लॅपटॉप ती नुसती पुढे पाठवतो. वाचता येत नसेल, किंवा काही टीव्हींप्रमाणे डीटीएस पद्धतीचा आवाज चालत नसेल, तर चालता चालता रूपांतर करावे लागते आणि तिथे जुना प्रोसेसर दमतो. कोणते चित्रपट अडखळतात हे अशा चाचणीत कळते, आणि पुढे कोणता नॅस घ्यायचा हे ठरवायला तीच माहिती उपयोगी पडते.

लॅपटॉपची बॅटरी वीज गेल्यावर काही वेळ यूपीएसचे काम करते, हा आणखी एक फायदा. त्यासाठी डिस्क यूएसबीवरच चालणारी, लहान आकाराची घ्या; स्वतंत्र अ‍ॅडॉप्टरची मोठी डिस्क वीज जाताच बंद पडते आणि लिहिणे चालू असेल तर फाइल खराब होऊ शकते. पण आधी बॅटरी नीट पाहा. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल किंवा तळ फुगला असेल तर ती बॅटरी ताबडतोब काढून टाका, त्यात चालढकल करू नका. लॅपटॉप बंद कपाटात किंवा जमिनीवर न ठेवता हवेशीर फळीवर ठेवा. वीस वॅटचे यंत्र अखंड चालले तरी महिन्याला पंधरा युनिटच्या आत वीज लागते.

ओटीटीबद्दल तुमचा हिशेब मला पटत नाही. तुमच्या साठ्यातले चित्रपट तुम्ही पाहिलेले आहेत; नव्या मालिका, नवे मराठी चित्रपट आणि सामने त्यात येणार नाहीत. दोन महिन्यांनी वर्गणी पुन्हा सुरू झाली की साठाच फसला असे घरात वाटू लागेल, आणि तो दोष त्याचा नसेल. वर्षभर कोणती सेवा उघडलीच गेली नाही ते पाहून ती बंद करा, पण त्याचा संबंध या खर्चाशी लावू नका. हा खर्च जपणुकीचा आहे, तसाच तो मांडा.

मैत्रिणींना जोडून देऊ नका. प्रताधिकार कायदा १९५७ मधल्या ५२व्या कलमात खाजगी, व्यक्तिगत वापरासाठी न्याय्य वापराची सवलत आहे. सोसायटीतल्या दहा घरांना रोज चित्रपट पुरवणे या शब्दांत बसत नाही. ध्वनिमुद्रणे आणि चित्रपट यांचे संरक्षण प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालते, आणि गीत व चाल यांचे हक्क त्याहून निराळे मोजले जातात, त्यामुळे कॅसेट जुनी आहे म्हणून ती सर्वांसाठी मोकळी झाली असे समजू नये. बैठकींच्या ध्वनिमुद्रणांवर गाणाऱ्यांचेही हक्क आहेत. ती कुठेही अपलोड करू नका. ज्यांनी ती बैठक गाजवली त्यांच्या घरच्यांपैकी कुणी हयात असेल आणि संपर्कात असेल, तर त्यांना एक प्रत नेऊन द्यावी असे मात्र मला फार वाटते. तीनशे चित्रपटांपैकी कोणते तुमच्या विकत घेतलेल्या डीव्हीडींवरून आले आणि कोणते कुणीतरी दिलेल्या पेनड्राइव्हवरून, हे तुम्हालाच ठाऊक. दुसऱ्या प्रकारच्या फाइल मी नव्या साठ्यात नेल्या नसत्या.

यजमानांनी अ‍ॅप वापरावे असा आग्रह धरू नका. सकाळी कॅसेट निवडणे, ती उलटवणे, बाजू बदलणे हा त्यांच्या ऐकण्याचाच भाग असेल, तर तो तसाच राहू द्या. त्यांची गरज दुसऱ्याच कामासाठी आहे, आणि ते काम त्यांच्यावाचून होणारे नाही. कॅसेटीच्या पुठ्ठ्यावर ‘मारवा, नंतर ठुमरी’ एवढेच लिहिलेले असते. कोण गायले, तबल्याला आणि पेटीला कोण होते, कोणाच्या घरी, कोणत्या साली, समोर कोण बसले होते, हे त्यांना आठवते. कॅसेट उतरत असताना त्यांच्याजवळ वही घेऊन बसा आणि ते सांगतील ते लिहून घ्या. नक्की आठवत नसेल तिथे ‘बहुधा’ असे लिहा, पण जागा कोरी ठेवू नका.

ही माहिती फाइलींच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलीच्या आतच राहणाऱ्या नोंदींत, घालताना थोडा विचार लागतो, कारण हे प्रोग्राम गायक, अल्बम आणि गाणे या तीन कप्प्यांवर बेतलेले आहेत, आणि आपल्या संगीताला ते अपुरे पडतात. मी असे सुचवते: बैठकीला अल्बम माना आणि अल्बमच्या नावात गायकाचे नाव, ठिकाण व वर्ष घाला. राग आणि बंदिशीचे पहिले शब्द गाण्याच्या शीर्षकात लिहा, ताल व साथीदार टिप्पणीच्या जागेत. प्रकाराच्या कप्प्यात शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीत, अभंग अशी मोजकी नावे ठरवून घ्या आणि ती कायम तशीच लिहा. एकदा नाट्यसंगीत, एकदा नाट्यगीत आणि एकदा नाट्यपद असे झाले तर टीव्हीवर तीन वेगवेगळ्या याद्या दिसतील. हाच नियम रागांना: यमन एका ठिकाणी ‘इमन’ म्हणून गेला की शोधताना सापडत नाही. अनेक गायकांच्या संग्रहात ‘अल्बम कलाकार’ या कप्प्यात ‘विविध’ लिहायला विसरू नका, नाहीतर एका सीडीचे दहा अल्बम होतात. सीडी उतरवताना इंटरनेटवरून आपोआप येणारी नावे रोमन लिपीत आणि नाना स्पेलिंगांत असतात. ती तशीच न ठेवता देवनागरीत करून घ्या, म्हणजे यजमानांनाही यादी वाचता येईल. चित्रपटांचे काम सोपे आहे. प्रत्येक चित्रपटाला एक फोल्डर करा आणि फोल्डरच्या नावात चित्रपटाचे नाव व कंसात वर्ष लिहा, एवढे झाले की पोस्टर वगैरे जेलीफिन स्वतः आणते.

हे मला झेपणार नाही, असे तुम्ही लिहिले आहे. वर सांगितलेल्या कामांत ढीग करणे, नोंदी ठेवणे, ठरावीक दिवशी प्रत घेणे आणि ती ताडून पाहणे हीच कामे सर्वांत मोठी आहेत, आणि नोकरीत तुम्ही तीच केली आहेत. लिनक्स आणि जेलीफिन बसवणे हे एका दुपारचे काम आहे. ते मुलाकडून करून घ्या, दिवाळीपर्यंत थांबू नका. एखाद्या शनिवार-रविवारी त्याला बोलवा. मात्र कीबोर्डवर तुम्ही बसा आणि त्याने शेजारी बसून सांगावे. यंत्र सुरू-बंद कसे करायचे, पासवर्ड काय, डिस्कवर प्रत कशी घ्यायची, अडले तर आधी काय पाहायचे, हे त्याच वेळी तुमच्या शब्दांत वहीत उतरवा. जे यंत्र फक्त पुण्यातल्या माणसालाच चालवता येते ते नेरुळच्या घरात फार दिवस चालत नाही. त्याला दुरून मदत करता यावी यासाठी टेलस्केलसारखी खाजगी जोडणी बसवून घ्या. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडून यंत्र थेट इंटरनेटवर मांडू देऊ नका. २०२१ आणि २०२२ मध्ये जगभर ज्या घरगुती नॅसच्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागितली गेली, ते नॅस असेच उघडे होते.

मग नॅस घ्यायचाच नाही का? दिवाळीपर्यंत लॅपटॉपवर हे सगळे चालवा. तोवर टीव्हीवर जेलीफिन आठवड्यातून दोन-तीनदा तरी उघडले जात असेल, लॅपटॉप गरम होऊन किंवा अडखळून त्रास देत असेल, तर मुलाला सांगा की आता दोन डिस्कचा नॅस आण. फाइल साध्या फोल्डरांत आहेत, त्या जशाच्या तशा तिकडे जातील. टॅग फाइलींच्या आतच असल्यामुळे तुमचे कष्टही सोबत जातील. चार टीबीच्या दोन डिस्क एकमेकींची प्रत ठेवतील अशा लावा. डिस्क नॅससाठीच्या आणि सीएमआर पद्धतीच्या (माहितीच्या पट्ट्या सुट्या लिहिणाऱ्या) घ्या. एसएमआर पद्धतीच्या (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्क एकमेकींशी जुळवून घेताना फार संथ होतात. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, बिल आणि वॉरंटी तुमच्या नावावर असू द्या. डिस्क लावताच तिने स्वतः ठेवलेल्या नोंदींत, म्हणजे स्मार्ट अहवालात, ती आजवर किती तास चालली आहे ते पाहा. नवी म्हणून दिलेल्या डिस्कवर शेकडो तास दिसले तर त्याच दिवशी परत करा. नॅसला स्वतःची बॅटरी नसते, म्हणून सोबत एक छोटा यूपीएस घ्या आणि त्याची यूएसबी वायर नॅसला जोडा, म्हणजे पावसाळ्यात वीज गेल्यावर नॅस आपणहून नीट बंद होईल. नणंदेकडची डिस्क नॅस आल्यावरही बंद करायची नाही.

आज लगेच घ्यायचे ते इतकेच: ४ टीबीच्या तीन पोर्टेबल डिस्क, त्यांतली एक लॅपटॉपला आणि दोन प्रतींसाठी, एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस, एक लॅन केबल आणि अल्कोहोलची बाटली. लाखातला बराच मोठा भाग तुमच्याकडेच राहील. त्यातून आधी स्टुडिओतले टेपांचे काम करून घ्या.